कोसबाडच्या अनुताई आणि किनवटची लेकरं

अनुताई वाघ २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. तेव्हा मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावी अंगणवाडी सेविका होते. त्यांच्या जाण्याची बातमी माझ्यापर्यंत आली नाही. आली असती तरी मला काही उमगलं नसतं, कारण हे नावच मी ऐकलेलं नव्हतं. प्रशिक्षणात आमच्याकडून सहा सेवा पाठ करून घेतल्या होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. वजनाचा तक्ता कसा भरायचा, रजिस्टरं कशी ठेवायची, तेही शिकवलं. पण अंगणवाडी ही मुळात कुणाची कल्पना, ती कुणाच्या लेकरांसाठी निघाली, यावर कुणी बोललं नाही.

पुढं मी नांदेड जिल्हा परिषदेत मुख्यसेविका म्हणून लागले आणि नोकरीचा मोठा काळ किनवट-माहूर भागात गेला. गोंड, कोलाम, आंध, परधान लेकरांच्या अंगणात बसल्यावर अनुताई मला खऱ्या कळल्या. आता मी निवृत्त आहे. नव्यानं लागलेल्या सेविकांना अनुताई वाघ कोण, असं विचारलं की बहुतेक जणी एकमेकींच्या तोंडाकडं बघतात. ज्या बाईच्या कामावर आपण सगळ्याजणी उभ्या आहोत, तिची ओळख आपल्याला नसावी याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. अष्टविनायकांतलं ते मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं पुढं काय व्हायचं, हे घरातल्या जुन्या बायकांना विचारावं. माझ्या आजीची एक चुलत बहीण अशीच लहानपणी माघारी आली आणि भावाच्या घरी चुलीपुढं जन्म काढून गेली. तिचं नाव घ्यायला आज कुणी उरलं नाही. अनुताई शिकल्या. शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात नोकरी केली, मग पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत तेरा वर्षं शिकवलं. दिवसा मुलींना शिकवायचं आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचं, असं करत १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या त्या १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, कोसबाडचं काम डोक्यावर असताना. आमच्यातल्या कितीतरी सेविका दहावीवर लागलेल्या असतात. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा म्हटलं की ‘आता या वयात काय मॅडम’ असं म्हणतात. त्यांना मी हे साल मुद्दाम सांगत असे, आणि त्यांतल्या काहीजणी खरंच पदवीधर झाल्या.

१९४५ साल आलं. कस्तुरबा गांधींच्या नावानं निघालेल्या ट्रस्टचं ग्रामसेविकांसाठी एक शिबिर बोरिवलीला भरलं होतं, तिथं अनुताईंची ताराबाई मोडकांशी भेट झाली. अनुताई पस्तीस वर्षांच्या, ताराबाई त्रेपन्नच्या. ताराबाईंचं नाव तेव्हा मोठं झालेलं होतं. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीनं त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. इटलीच्या माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी आपल्या मातीला बसवून घेतली होती. एवढं करूनही त्यांना एक गोष्ट खुपत होती: हे सगळं शहरातल्या चार पैसे असलेल्या घरांपुरतं राहिलं होतं. खेड्यातल्या गरिबाचं लेकरू त्यात कुठंच नव्हतं. म्हणून वयाच्या पन्नाशीनंतर त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं समुद्राकाठचं गाव, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. डिसेंबर १९४५ मध्ये तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि पुण्याची पक्की नोकरी सोडून अनुताई त्यांच्या मागं गेल्या.

तो मुलूख वारल्यांचा. जमीन सावकार-जमीनदाराची, राबणारा वारली. वेठबिगार चालायची. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायकोनं आयुष्यभर सावकाराकडं राबायचं. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकरांनी याच भागात, याच १९४५ साली वारल्यांना उभं केलं आणि ती वेठ मोडून काढली. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. ताराबाई आणि अनुताईंची वाट वेगळी होती, त्या मोर्चे काढायला गेल्या नव्हत्या. पण आईबाप वेठीतून सुटत असतानाच त्यांच्या लेकरांचे नाक-डोळे पुसून त्यांना मांडीवर घेणारी माणसं त्याच डोंगरात पोचली होती. दोन्ही कामं एकमेकींना धरून होती, असं माझं मत आहे. पोटात अन्न नसलेलं, अंगावर खरूज असलेलं पोर कोणत्याही बालवाडीत रमत नाही. आणि आईबाप मोकळे झाले तरी लेकराच्या मनातली भीती आपोआप जात नाही.

आता अंगणवाडीची गोष्ट. बोर्डीला बालवाडी निघाली, पण ज्यांच्यासाठी काढली ती लेकरं तिकडं फिरकेनात. दलितांच्या वस्तीवरची, वारली पाड्यांवरची मुलं गावातल्या बालवाडीत पाय ठेवायला बुजायची. अंगावर धड कपडा नाही, आई मजुरीला गेलेली, सकाळी उठवून, आंघोळ घालून पाठवणार कोण? दुसरं कुणी असतं तर ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असा शेरा मारून मोकळं झालं असतं. हा शेरा मी आमच्या बैठकांमधून हजार वेळा ऐकला आहे. ताराबाई आणि अनुताई उठल्या आणि स्वतः वस्तीवर गेल्या. घरासमोरचं अंगण झाडलं, मुलांना जमवलं, नखं कापली, केस विंचरले, आंघोळी घातल्या आणि तिथंच गाणी-गोष्टी सुरू केल्या. एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्या-वस्त्यांवर अंगणांत भरणाऱ्या छोट्या बालवाड्या, अशी घडण त्यांनी बसवली. आई कामावर निघाली तरी तिला पोर दिसत होतं, घरातली म्हातारी ओट्यावर बसून बघत होती. त्यामुळं भरवसा बसायला वेळ लागला नाही.

साधनांचंही तसंच. माँटेसोरीची साधनं महागाची, रंग दिलेल्या लाकडाची. तसल्या पेट्या पाड्यावर कुठून आणायच्या? अनुताईंनी शिंपले, बिया, खडे, काटक्या, पानं, माती गोळा केली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं जंगलातच होतं. मुलाच्या हाताला ते ओळखीचं होतं आणि हरवलं तर दुसरं मिळत होतं. याला कुणी काटकसर म्हणेल. मला त्यात मुलाचा मान दिसतो. तुझ्या घरात, तुझ्या रानात जे आहे त्यातच शिकण्यासारखं पुष्कळ आहे, हे त्या चार वर्षांच्या जिवाला न सांगता समजत होतं.

१९५७ च्या सुमारास हे सगळं काम बोर्डीहून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी आदिवासींच्या शिक्षणाचा पाया आधीच घातलेला होता. कोसबाडला दोन गोष्टी नव्यानं घडल्या आणि त्या मला अंगणवाडीपेक्षाही मोलाच्या वाटतात.

पहिली कुरणशाळा. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखायला जात. घरचं गुरं राखणं थांबवा, असं उपाशी घराला सांगण्यात अर्थ नव्हता. मग शिक्षकच गुरांमागं कुरणावर गेला. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसली आहेत, खड्यांवर हिशोब चालला आहे, पानांवरून आकार समजतो आहे, मध्येच एखादं वासरू पिकात शिरलं तर एकजण उठून हाकलून येतो आहे. दुसरी गोष्ट विकासवाडीची. आठ वर्षांची बहीण शाळेत का येत नाही? कारण तिच्या कडेवर सहा महिन्यांचं भावंड आहे. मग एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आणली. बहिणीनं भावंडाला पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. आज शिक्षणातले तज्ज्ञ तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा म्हणतात, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तो आला आहे. कोसबाडच्या टेकडीवर ही सलगता त्या मुलीच्या कडेवरचं भावंड बघून सुचली होती.

माझी आणि अनुताईंची गाठ पडली ती पुस्तकातून, आणि फार वाईट दिवसांत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादच्या माणसाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. त्या पहाटे भूकंप झाला आणि दगड-मातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. पुढं बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली, पण ते होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. अशाच शेडच्या वस्तीवर मला काही काळ काम दिलं होतं. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली. तक्ते नाहीत, खेळणी नाहीत, आहाराची भांडी सुद्धा शेजारून मागून आणायची. लेकरं दिवसभर दगडं रचून घर करायची आणि ‘आला, आला’ ओरडत लाथेनं पाडायची. मोठी माणसं त्यांच्यावर धावून जात. पोरांनी असलं अभद्र खेळू नये असं त्यांचं म्हणणं.

मदतीला आलेल्या एका वयस्क शिक्षिकेनं मला एक जुनं पुस्तक दिलं, अनुताई वाघांचं ‘बालवाडी कशी चालवावी’. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. बालवाडीला इमारत लागत नाही, मुलाचा खेळ हेच त्याचं काम असतं आणि बाईनं त्याच्याकडं नीट बघायला शिकायचं असतं, एवढं मला त्या दिवसांत उमगलं. मी दगडांचा तो खेळ थांबवला नाही. उलट माती कालवून दिली, काड्या दिल्या. काही दिवसांनी पोरं घर पाडायच्या आधी त्यात मातीची माणसं ठेवायला लागली, मग चूल, मग गाय. पाडणं आपोआप कमी झालं. एक मुलगी तर पाडू द्यायचीच नाही, घरावर हात पसरून बसायची. मानसशास्त्रातलं यावरचं ज्ञान माझ्याकडं नाही. पण त्या लेकरांना जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते ती हातानं सांगत होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नंतर नांदेडची ऑर्डर आली. नांदेडहून किनवटला रेल्वेनं जाताना मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागं पडलं की पैनगंगेच्या कडेचं सागाचं रान सुरू होतं. सहस्रकुंड, बोधडी, मग किनवट. लातूरकडच्या उघड्या माळावर वाढलेल्या मला ते रान बघून पहिल्यांदा परदेशात आल्यासारखं वाटलं. किनवट तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मराठवाडा म्हटलं की लोकांना दुष्काळ, ऊस आणि गुरुद्वारा आठवतो. मराठवाड्यात गोंड आणि कोलाम राहतात हे औरंगाबादच्या सुशिक्षितांनाही पुष्कळदा सांगावं लागलं. त्यांतले कोलाम तर केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक आहेत. कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन.

कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, माझ्या पहिल्या काही भेटींतली एक गोष्ट सांगते. एक तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा सारखा ‘ईर, ईर’ म्हणत रडत होता. सेविका बाहेरगावची, चांगली कष्टाळू पोरगी. ती त्याला बिस्किट देत होती, कडेवर घेत होती, गाणं म्हणत होती. शेवटी मदतनीस बाई चुलीवरून धावत आली आणि म्हणाली, ‘मॅडम, पाणी मागालाय त्ये.’ ती मदतनीस त्याच पोडावरची होती. सेविकेनं तिथं दोन पावसाळे काढले होते. तिचा दोष मी काढत नाही, तिला ही भाषा शिकवण्याची सोय कुणीच केलेली नव्हती. पण त्या लेकराच्या बाजूनं विचार करा. घराबाहेरच्या जगाशी त्याची ही पहिली भेट, आणि त्या जगाला त्याची तहान कळत नाही.

त्या दिवसापासून मी माझ्या भागात एक नियम केला. जिथं मदतनीस गोंडी किंवा कोलामी बोलणारी असेल तिथं सकाळचा पहिला तास तिचा. गाणं तिनं म्हणायचं, गोष्ट तिनं सांगायची, सेविकेनं शेजारी बसून ऐकायचं आणि शिकायचं. सुरुवातीला मदतनीस बायका लाजायच्या. झाडलोट करणारी, खिचडी शिजवणारी बाई गोष्ट सांगणार, हे त्यांच्या स्वतःच्याही गळी उतरत नव्हतं. पण एकदा का दंडारीच्या नाचातली गाणी, मोहाच्या झाडाच्या गोष्टी सुरू झाल्या की लेकरं हलायची नाहीत. खेळायला आम्ही चिंचोके, सीताफळाच्या बिया, सागाची मोठी पानं, नदीतले गोटे आणायचो. गुंजा दिसायला सुरेख, पण त्या विषारी, म्हणून त्या बंद. बिब्बा बंद. तीन वर्षांच्या आतल्या मुलांपुढं बारीक बी ठेवायचंच नाही, नाकात-घशात जातं. हे बारकावे नव्या सेविकांनी लिहून ठेवावेत, कारण रानातल्या वस्तू वापरा असं सांगणारे पुष्कळ भेटतात, कुठल्या वापरू नयेत हे कुणी सांगत नाही.

या मातीत हा विचार अगदीच नवा होता असंही नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हैदराबाद राज्यात. १९४० मध्ये निजामाविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला गोंडांच्या प्रश्नात घातलं. त्यांनी १९४३ मध्ये आदिलाबादच्या मार्लवाई गावी गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र काढलं आणि मुलांची पहिली पुस्तकं गोंडीत, देवनागरी लिपीत तयार करवली. म्हणजे ताराबाई-अनुताई बोर्डीच्या अंगणात पोचण्याच्या दोन वर्षं आधी, आमच्या शेजारच्या डोंगरात गोंड मूल गोंडीत वाचत होतं. ऐंशी वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आज आपल्याला अवघड वाटावी, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात तेहतीस ठिकाणी सुरू झाली, त्यांतले अकरा प्रकल्प आदिवासी भागांतले. अंगणवाडी हे नाव सरकारनं उचललं. ही मोठी गोष्ट झाली, हे मी मनापासून म्हणते. त्या योजनेनं लाखो लेकरं वाचवली. लस पोचली, दंडाचा घेर मोजायची पट्टी पोचली. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत दंड आला की ते लेकरू तीव्र कुपोषित, त्याला लगेच उपचार, हे आज पोडावरची म्हातारी सुद्धा सांगते. पावसाळ्यात ओढे भरले की किनवटच्या कित्येक वस्त्या तुटतात, जुलाब आणि तापाची साथ येते, आणि त्या वेळी सेविका हीच तिथली डॉक्टर, नर्स, सरकार, सगळं असते. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं गरम जेवण आणि पुढं मुलांना अंडी-केळी मिळू लागली, त्याचा फरक मी वजनकाट्यावर पाहिला आहे.

पण नाव उचलताना सरकारकडून अंगण मागं राहिलं. सहा सेवांमधली शाळापूर्व शिक्षण ही सेवा कागदावर सहावी आणि प्रत्यक्षातही सहावीच राहिली. आहार वाटला का, किती वाटला, वजन घेतलं का, याची विचारणा रोज होते. आज मुलं काय खेळली, कोण बोललं, कोण गप्प बसलं, हे कोणत्याही बैठकीत मला कधी विचारलं गेलं नाही. रजिस्टरांच्या जागी आता मोबाईल आला आहे, पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरायच्या, चेहरा ओळखून आहार द्यायचा. ज्या वस्तीवर रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते तिथं सेविकेची सकाळ टेकडीवर जाते आणि लेकरं मदतनिसापाशी राहतात. नोंदी नकोत, असं मी म्हणत नाही. नोंदीमुळंच कुपोषण लपवणं अवघड झालं. पण मुलांबरोबर बसण्याचे दोन तास कशानंही मोडता कामा नयेत, एवढा तरी नियम असावा.

आणि जी बाई हे सगळं करते तिला आजही मानसेवी कर्मचारी म्हणतात. तिला पगार नाही, मानधन आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका कित्येक आठवडे संपावर होत्या, तेव्हा घाटातल्या वस्त्यांवरच्या बायका भाकरी बांधून मोर्च्याला आलेल्या मी पाहिल्या. अनुताईंनी संसार केला नाही, सगळं आयुष्य कोसबाडला वाहून टाकलं. त्यांचं उदाहरण देऊन सेविकांनीही फुकट राबावं असं कुणी सुचवत असेल तर ते साफ चूक आहे. त्यांचा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. तीन लेकरांच्या विधवा सेविकेवर तो कुणी लादू नये.

अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या पंच्याहत्तरीच्या होत्या. पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी त्या वयाच्या आसपास काय केलं हे. कोसबाडचं काम नावारूपाला आलेलं होतं, लोक ते बघायला येत होते. त्याच वेळी, १९८२ मध्ये, त्यांनी शिक्षणतज्ज्ञ रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था काढली आणि कोसबाडपासून आणखी आत, डहाणूच्या जंगलातल्या दाभोणला नव्यानं काम सुरू केलं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिणाऱ्या बाईनं पुन्हा पहिल्यापासून अंगण झाडायला घेतलं. मूकबधिर मुलांसाठीही त्यांनी काम उभं केलं. जे मूल सगळ्यांत लांब राहिलं असेल तिकडं सरकत जायचं, ही त्यांची चाल आयुष्यभर बदलली नाही.

आमच्याकडं असं लांब राहिलेलं मूल कुठं आहे ते मी सांगू शकते. दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, किनवट या भागांतून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर ते बसलेलं असतं आणि उन्हाळ्यात परत येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत ते शेताच्या बांधावर झोळीत असतं आणि त्याला झोका देणारी त्याची सात वर्षांची बहीण शाळेच्या हजेरीत गैरहजर असते. कोलाम पोडावर ते कुडाला टेकून उभं असतं आणि आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण प्रश्न त्याच्या भाषेत आलेला नसतो. या तिघांसाठी काय करायचं याचं उत्तर कोसबाडला फार पूर्वी निघालेलं आहे: मुलामागं जाणारी शाळा, एका आवारात पाळणाघर आणि बालवाडी, आणि वस्तीवरचीच बाई शिक्षिका. अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सरकारी योजना आता आहे. ती कापसाच्या हंगामात किनवटला आणि ऊसतोडीच्या हंगामात लातूरच्या कारखान्यांवर सगळ्यांत आधी पोचली पाहिजे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावच्या, गल्लीतल्या अंगणवाडीत एकदा सकाळी जा. सेविकेला नावानं हाक मारा, मुलांत अर्धा तास बसा. घरात चिंचोके, कापडाचे तुकडे, जुनी चित्रांची पुस्तकं असतील तर घेऊन जा; म्हातारी माणसं असतील तर त्यांना गोष्ट सांगायला पाठवा. ग्रामपंचायतीत असाल तर बालसभेच्या फोटोऐवजी अंगणवाडीच्या पाण्याचा आणि सावलीचा ठराव आधी घ्या. आणि ज्यांच्या हातात नेमणुका आहेत त्यांनी कोलाम पोडावर कोलामी बोलणारी सेविका नेमावी. अशी शिकलेली मुलगी मिळत नाही, ही सबब आता खरी राहिलेली नाही. ज्या मदतनीस बाईनं ‘पाणी मागालाय त्ये’ असं सांगितलं होतं, तिची मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली आहे.